डेफ लेपर्डने स्वतःचीच गाणी पुन्हा का आणि कशी रेकॉर्ड केली?

गिरगावचा_रॉकर

डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'पोर सम शुगर ऑन मी'च्या दोन आवृत्त्या आहेत. एक १९८७ च्या 'हिस्टीरिया' अल्बममधली, दुसरी २०१२ साली बँडने नव्याने रेकॉर्ड केलेली. त्याच सुमारास १९८३ च्या 'पायरोमेनिया'मधलं 'रॉक ऑफ एजेस'ही त्यांनी पुन्हा केलं, आणि २०१३ मध्ये 'हिस्टीरिया' हे शीर्षकगीत. हे रिमास्टर, म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज उजळवणं, नव्हे. एकेक ठोका, एकेक ओळ नव्याने वाजवलेली, गायलेली आहे. चाल बदलून किंवा अकूस्टिक करून काही वेगळं सांगायचं, असाही प्रकार नाही. मूळ गाण्याशेजारी ठेवलं तर फरक कळू नये, हाच हेतू. गायक जो एलियट यांनी स्वतःच या आवृत्त्यांना 'नकली प्रती' म्हटलं होतं.

जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं:

१. स्वतःचं गाणं स्वतःच नकल करण्याची वेळ का येते?
२. इतकं हुबेहूब करताना नेमकं काय काय करावं लागतं?
३. सगळं जागच्या जागी असूनही नव्या आवृत्तीत काहीतरी कमी वाटतं. ते काय?

कलम_तेरा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हक्कांच्या विभागणीत आहे. गाण्याला दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांचा, तो बहुधा प्रकाशकाकडे असतो. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा हक्क बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीचा. सीडीच्या मागे छापलेला वर्तुळातला 'पी' हा दुसऱ्या हक्काचा. चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं तर दोन्हींची परवानगी लागते आणि दोन्हींचे पैसे वेगळे.

बँडने पुन्हा रेकॉर्डिंग केलं की नव्या मास्टरचा मालक बँड. डेफ लेपर्डचा युनिव्हर्सल या आपल्या रेकॉर्ड कंपनीशी वाद होता तो डिजिटल विक्रीच्या दरावरून. करारानुसार बँडच्या संमतीशिवाय कंपनीला ही गाणी डिजिटल बाजारात आणता येत नव्हती आणि बँड संमती देत नव्हता. दाराला दोन्हीकडून कडी. मग त्यांनी आपलंच दुसरं दार केलं. २०१२ च्या जूनमध्ये 'रॉक ऑफ एजेस' हा चित्रपट येत होता, वेळही नेमकी साधली. पुढे समझोता झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये मूळ अल्बम स्ट्रीमिंगवर आले.

दरातला फरक केवढा, हे त्याच काळातल्या एका खटल्यावरून कळतं. रॅपर एमिनेमच्या सुरुवातीच्या निर्मात्यांनी, एफबीटी प्रॉडक्शन्सने, दावा लावला होता. डाउनलोड ही विक्री धरली तर त्यांना करारानुसार १२ ते २० टक्के, परवाना धरला तर ५०. २०१० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने त्यांचा करार वाचून परवाना धरला.

निळं_जॅकेट

२०१२ ची आवृत्ती म्हणजे शुगर-फ्री. दिसायला तेच, जिभेला कळतं. :)

ठेकेदार

निळं_जॅकेट, ड्रम्स नीट ऐका, साखर पुरेपूर आहे.

दुसऱ्या प्रश्नाची सुरुवात लयीपासून करू, कारण लय चुकली की पुढचं सगळं वाया. मूळ गाणं संगणकावर घ्यायचं आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर खूण करत शेवटपर्यंत जायचं. असा लयीचा नकाशा झाला की क्लिक, म्हणजे वादकाच्या कानात वाजणारी लयीची टिकटिक, त्या नकाशावर चालवायची, सपाट आकड्यावर नाही. सत्तरच्या दशकातले बँड क्लिकशिवाय वाजवायचे. कोरसला लय मिनिटाला दोन-तीन ठोके वर जायची, कडव्याला परत बसायची. सपाट क्लिकवर तेच गाणं वाजवलं की सूर सगळे बरोबर असून गाणं मेल्यासारखं वाटतं. 'पायरोमेनिया' आणि 'हिस्टीरिया'त मात्र ड्रम्स बरेचसे यंत्रावर बांधलेले, त्यामुळे लय स्थिर आहे. हे काम तिथे सोपं.

अवघड आहे तो स्नेअर, म्हणजे ड्रम्समधला तडतडणारा ड्रम. त्या काळातला मोठा स्नेअर एका ठोक्याचा नसतो. खाली एक जाड नमुना (आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला ठोका), वर एक तडतडीत, आणि त्यावर मध्येच कापलेला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. थर जुळवताना तिन्हींचं पहिलं टोक एकाच जागी यायला हवं. एक मिलिसेकंदाचा फरक, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या डिजिटल रेकॉर्डिंगवर फक्त ४४ बिंदू, राहिला की थर एकमेकांना खातात आणि ठोका पोकळ होतो. एखाद्या थराची ध्रुवता उलटी करून पाहावी. ज्या बाजूला पोट भरतं ती बाजू ठेवावी.

रिव्हर्ब कुठे कापायचा ते लयीवरून काढायचं. मिनिटाला ८५ ठोक्यांच्या लयीत एक मात्रा ७०६ मिलिसेकंदांची, अर्धी ३५३ ची. शेपूट अर्ध्या मात्रेच्या आत संपली तर पुढचा ठोका स्वच्छ येतो. ५० मिलिसेकंद जास्त गेली की सगळा ठेका गढूळ.

बँडचे ड्रमर रिक ॲलन यांचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४ च्या अपघातात गेला. त्यानंतर पायाने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर त्यांनी आपला संच नव्याने बांधला. म्हणजे 'हिस्टीरिया'चा ठेका मुळातच नमुन्यांवर उभा आहे. नमुना सापडला तर तो पंचवीस वर्षांनीही तसाच वाजतो. म्हणून या नकलेत ड्रम्सवर शंका घ्यायला फार जागा नाही.

सांगली_स्ट्रॅट

गिटारचं सांगतो. 'हिस्टीरिया'तला गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरसमोर माइक ठेवून आलेला नाही. बोस्टन बँडच्या टॉम शोल्झ यांनी बनवलेली रॉकमन नावाची छोटी पेटी होती, वॉकमनसारखी कमरेला लावायची. त्यातून थेट मिक्सरमध्ये. आत आधी कॉम्प्रेशन (लहान-मोठा आवाज एका पातळीला आणणं), मग डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं), मग स्पीकरच्या पेटीसारखा ठरलेला फिल्टर आणि आवाज दुहेरी भासवणारा स्टिरिओ कोरस इफेक्ट. नकल करणाऱ्याने मोठा मार्शल ॲम्प्लिफायर लावला की तिथेच चुकतं. त्याचा खालचा गुरगुराट मूळ गाण्यात नाहीच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. निर्माते मट लँग यांनी काही ठिकाणी पूर्ण कॉर्ड एकदम न वाजवता एकेक तार वेगळी रेकॉर्ड करून घेतली. याला ध्वनिशास्त्रातलं कारण आहे. २२० हर्ट्झचा स्वर आणि त्याचा गंधार, साधारण २७७ हर्ट्झचा, हे दोन्ही एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की बेरीज-वजाबाकीचे स्वर तयार होतात: ५७, ४९७, १६३ असे. हे कॉर्डमध्ये नसतातच, म्हणून घोगरं ऐकू येतं. रॉकवाले गंधार गाळून षड्ज-पंचम वाजवतात ते याच त्रासामुळे. पण प्रत्येक स्वर वेगवेगळा डिस्टॉर्शनमधून काढला आणि नंतर एकत्र केला, तर हे पाहुणे स्वर जन्मालाच येत नाहीत. गिटार जाड वाजते आणि तरी काचेसारखी स्वच्छ राहते.

ही पद्धत माहीत नसेल तर कितीही महागडी गिटार आणा, तो आवाज येणार नाही. आणि माहीत असली तरी कंटाळा करून चालत नाही. सहा तारांच्या एका कॉर्डला सहा टेक, म्हणजे सहा वेगळी रेकॉर्डिंग, दोन्ही कानांसाठी बारा. प्रत्येक टेकआधी सूर लावायचा, आणि तोही ज्या पडद्यावर बोट असणार तिथे दाबून. मोकळ्या तारेवर लावलेला सूर वरच्या पडद्यावर दोन-चार सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकतोच.

काळी_चार

सांगली_स्ट्रॅट, सूर लावण्याआधी मूळ गाणं कोणत्या सुरात आहे ते मोजायला हवं. जुनी टेप नेमकी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला क्वचितच बसते. टेपचा वेग १ टक्का वाढला की सूर सुमारे १७ सेंट चढतो. अर्ध्या सुरासाठी ५.९५ टक्के. कधी यंत्रातल्या फरकाने हे होतं, कधी मुद्दाम करतात. त्यामुळे आधी मूळ गाण्याचा सूर मोजायचा आणि सगळी वाद्यं त्याला लावायची. नंतर पूर्ण मिक्स सरकवायला जाऊ नये, झांजांचा पोत बिघडतो.

आता गळा. एलियट यांचा जन्म १९५९ चा. 'हिस्टीरिया' संपलं तेव्हा वय २७, नकल केली तेव्हा ५२. जुना गळा पुन्हा आणायला आधी गात गात घशाची ठेवण तशी करावी लागली, हे त्यांनी सांगितलं आहे. वय वाढलं की वरच्या पट्टीत आवाजाची धार जाते, तिथे नुसता जोर लावून भागत नाही.

वरचा सूर गाठत नसेल तर टेपच्या काळातली युक्ती आजही चालते. गाणं अर्ध्या सुराने उतरवून आणि त्याच प्रमाणात संथ करून गायचं, मग वेग वाढवून परत मूळ पट्टीत आणायचं. लय १०० असेल तर गाताना ९४.४. सूर वर जातो तसा स्वरांचा पोतही वर सरकतो, त्यामुळे गळा तरुण वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये करताना पोत जपणारा पर्याय बंद ठेवायचा, नाहीतर नुसता सूर चढतो आणि गळा पन्नाशीचाच राहतो. मर्यादा अर्ध्या सुराची. पूर्ण सूर चढवला की 'स' आणि 'श' शिट्टीसारखे टोचू लागतात.

मडगाव_बेस

कोरसबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि डेफ लेपर्डची ओळखच ती आहे. चार जण एकच ओळ गातात, मग तेच चार जण पुन्हा, मग वरची आणि खालची ओळ. तीन ओळी, चार गळे, प्रत्येकी दोनदा, एवढ्यातच २४ ट्रॅक होतात.

बिघडतं ते ओळीच्या शेवटी. २४ जणांचा 'ट' एकाच क्षणी पडत नाही, पावसाच्या सरीसारखा पसरतो. उपाय जुना आहे: शेवटचं व्यंजन एकानेच म्हणायचं, बाकीच्यांनी स्वरावर थांबायचं. 'मी' या शेवटच्या शब्दाला व्यंजनाने शेवट नाही, म्हणून ती ओळ कितीही थर चढवले तरी बंद मुठीसारखी एकत्र पडते. आणि सगळ्यांनी आवाज सरळ ठेवायचा. २४ जणांचं कंपन एकत्र आलं की ओळ थरथरते.

एकच टेक कॉपी करून थोडा मागे सरकवणं ही आळशी युक्ती मात्र नको. दोन्ही प्रती एकसारख्या असल्याने काही कंपनं गळून पडतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. खऱ्या दोन टेकमधला १० ते ३० मिलिसेकंदांचा अनियमित फरकच जाडी देतो.

रीळवाला

सुंदर चर्चा. एक फाटा फोडतो. पुन्हा रेकॉर्डिंग एकाच प्रकारचं नसतं आणि सगळ्यांना एका मापाने मोजू नये.

डेफ लेपर्ड आणि स्क्वीझ हे बँड एका गटात. स्क्वीझने २०१० मध्ये 'स्पॉट द डिफरन्स' नावाचा अल्बमच केला, म्हणजे फरक ओळखून दाखवा. किसने २००८ मध्ये जपानसाठी 'जिगोकू रेत्सुदेन' केला तोही याच वाटेवरचा. जर्नीने २००८ च्या 'रेव्हलेशन'बरोबर अकरा जुनी गाणी आर्नेल पिनेडा यांच्या आवाजात दिली. तिथे गायकच नवा, त्यामुळे बँड आता कसा वाजतो हे दाखवणं हाही हेतू होता.

जेफ लिन यांनी २०१२ मध्ये आपल्या ईएलओ (इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा) बँडची गाणी पुन्हा केली ते वेगळं. जुनी रेकॉर्डिंग आपल्या मनातल्यासारखी झालीच नव्हती असं त्यांना वाटायचं, म्हणून जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवून पुन्हा केली. यूटूने २०२३ मध्ये चाळीस गाणी पट्ट्या उतरवून, काही शब्द बदलून केली. ती नकल नाही, तो पुनर्विचार आहे.

आणि एक उदाहरण वाईट. ऑझी ऑस्बॉर्न यांच्या पहिल्या दोन अल्बमच्या २००२ च्या आवृत्तीत बॉब डेझ्ली यांचा बेस आणि ली कर्स्लेक यांचे ड्रम्स पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतले. गिटार आणि गळा जुना, पाया नवा. गिटारवादक रॅंडी ऱ्होड्स ज्या ठेक्याला टेकून वाजवत होते तो ठेकाच काढून घेतला. २०११ मध्ये मूळ परत आणावं लागलं.

निळं_जॅकेट

म्हणजे परदेशी झंकार बीट्स!

रीळवाला

त्याहून पुढचं. झंकारवाले जुन्या गाण्यावर वरून ढोलक-ड्रम चढवायचे, खालचं मूळ शाबूत असायचं. इथे खालचंच काढलं.

कलम_तेरा

भारताचा विषय निघालाच आहे म्हणून. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने दुसऱ्या गायकांकडून जुनी गाणी गाऊन घेऊन स्वस्त कॅसेट काढल्या, त्या कॉपीराइट कायद्याच्या तेव्हाच्या तरतुदीत बसवूनच. २०१२ च्या दुरुस्तीने त्याजागी कलम ३१-सी आलं. पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, आधी सूचना द्यायची, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरायचं, आणि वेष्टनावर कव्हर आवृत्ती असल्याचं स्पष्ट छापायचं. मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकून फसवायचं नाही.

अमेरिकेत कॉपीराइट कायद्याच्या कलम ११४ नुसार मास्टरचा मालक दुसऱ्याला हुबेहूब नकल करण्यापासून अडवू शकत नाही, फक्त प्रत्यक्ष टेप वापरता येत नाही. स्वतः बँडला मात्र त्याच्याच करारातलं कलम अडवतं: अमुक वर्षं हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं नाही. नेहमीचा हिशोब रेकॉर्डिंगपासून पाच वर्षं किंवा करार संपल्यापासून दोन, यांतलं जे उशिरा येईल ते. टेलर स्विफ्टने २०२१ पासून आपले अल्बम पुन्हा काढल्यावर काही कंपन्या १० ते ३० वर्षांची मुदत मागू लागल्या. आपल्याकडे करार करणाऱ्या नव्या बँडनी सह्या करण्यापूर्वी हे एक कलम शोधून वाचावंच.

डब्लिनकर

मला हा सगळा खटाटोप पटत नाही. बँडला दर हवा असेल तर वाटाघाटी कराव्यात. श्रोत्याला नकळत दुसरंच गाणं मिळतं हे बरं नाही. १९८७ च्या गाण्यावर ज्यांनी मेहनत केली त्यांचं काय? निर्माता, मिक्स करणारे?

कलम_तेरा

गीतकारांचे पैसे थांबत नाहीत. 'पोर सम शुगर'च्या श्रेयात क्लार्क, कॉलेन, एलियट, लँग आणि सॅव्हेज ही पाचही नावं आहेत. नवी आवृत्ती विकली तरी चालीचा वाटा सगळ्यांना जातो. मास्टरवरचा वाटा मात्र जुन्या निर्मात्याला मिळत नाही. तुमचा मुद्दा तिथे खरा आहे.

रीळवाला

आणि नकळत मिळतं हेही खरं, पण ओळखता येतं. नावापुढे वर्ष किंवा पुन्हा रेकॉर्ड केल्याची नोंद असते. नसेल तर 'पी'चं वर्ष आणि मालक पाहा. तरीही शंका असेल तर दोन्ही फायली एकाखाली एक ठेवा, पहिला स्नेअर अगदी डिजिटल बिंदूपर्यंत जुळवा आणि शेवटचा स्नेअर ऐका. तेच मास्टर असेल तर रिमास्टरमध्ये आवाज कितीही बदललेला असो, ठोके जुळलेले राहतात, किंवा टेपच्या वेगामुळे एकाच दिशेने, एकसारखे सरकतात. ०.१ टक्का फरक असेल तर चार मिनिटांनी पाव सेकंद. पुन्हा वाजवलेलं असेल तर अंतर कधी पुढे, कधी मागे होतं.

ऐकण्याआधी दोन्हींची पातळी सारखी करा. नवी आवृत्ती नुसती एक डेसिबल मोठी असली तरी कान तिला उजवी ठरवतो.

गिरगावचा_रॉकर

सगळ्यांचे आभार. रीळवाला, ही चाचणी फार कामाची. पण यंत्रावर बांधलेल्या ड्रम्सचं काय? दोन्हीकडे लय घट्ट असेल तर स्नेअर शेवटपर्यंत जुळलेलाच दिसेल. आणि तिसरा प्रश्न अजून बाकी आहे.

ठेकेदार

बरोबर पकडलंत. तिथे ड्रम्स सोडा, माणसाने वाजवलेलं किंवा गायलेलं काहीतरी जुळवा. कडव्यातल्या एका शब्दाची सुरुवात घ्या. तोच गायक तीच ओळ दुसऱ्यांदा बिंदूपर्यंत सारखी गाऊ शकत नाही.

सांगली_स्ट्रॅट

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर गिटारमध्येच आहे. मूळ अल्बमवरचे एक गिटारवादक स्टीव्ह क्लार्क ८ जानेवारी १९९१ ला गेले. १९९२ पासून त्यांच्या जागी व्हिव्हियन कॅम्पबेल आहेत, उत्तम वादक. पण 'हिस्टीरिया'त दोन गिटार एकमेकींना उत्तर देतात. दुसरे गिटारवादक फिल कॉलेन ठोक्यावर अचूक, क्लार्क किंचित मागे, स्वर लोंबकळत ठेवणारे. स्वर लिहून घेता येतात, रॉकमन मिळवता येतो, एकेक तार वेगळी वाजवता येते. नखी तारेला कोणत्या कोनात लागते आणि स्वर कधी सोडला जातो, ते त्या हाताबरोबर गेलं. नवी आवृत्ती ऐकताना कान तिथेच अडतो, निदान माझा तरी.

डब्लिनकर

हे पटलं. आणि हा दोष बँडचा नाही.

मडगाव_बेस

गिरगावचा_रॉकर, हे ऐकायला 'पोर सम शुगर'पेक्षा 'हिस्टीरिया' हे शीर्षकगीत बरं. थर कमी, मोकळे स्वर जास्त. हेडफोन लावा, सुरुवातीचे स्वच्छ गिटारचे स्वर दोन्ही आवृत्त्यांत पाळीपाळीने दहा-दहा सेकंद ऐका आणि स्वर कुठे सुरू होतो यापेक्षा कुठे संपतो त्यावर लक्ष ठेवा.